पंचाच्या पाठीवरचा सोटा

मी सोटा बोलतोय. लाकडाचा नव्हे, टॉवेलाचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलेलं मला चालत नाही.

जन्माने मी अमेरिकेत आयोवातल्या एका शाळेच्या न्हाणीघरातला टॉवेल. पैलवान पोरांची घामट अंगं पुसून पुसून माझ्या मधोमध भोक पडलं, तेव्हा शाळेचा झाडूवाला ऑर्व्हिल याने मला कचऱ्यातून उचललं. घट्ट गुंडाळलं, वरून पोरं घोट्याला बांधतात ती पांढरी चिकटपट्टी करकचून फिरवली आणि टेबलावर आपटून म्हणाला, "फेकायच्या लायकीचा होता, आता पंचाला मारायच्या लायकीचा झाला."

अख्खा जन्म शाळेत काढला, पण अक्षर ओळखत नाही. घड्याळातलं शून्य तेवढं ओळखतो. माझं पोट त्या शून्यावरच आहे.

काम सांगतो. कुस्ती रंगात आली की पंच मॅटवर पालथा पडून खालच्या गड्याचे खांदे टेकले का ते बघतो. टेकले आणि टेकलेले राहिले, की पंजा मॅटवर आपटतो. झाला गडी चीत. पण पालथ्या माणसाला घड्याळ दिसत नाही, आणि गलक्यात भोंगा ऐकू येत नाही. म्हणून मॅनेजर मला घेऊन त्याच्या मागे गुडघ्यावर बसतो आणि उलटं मोजणाऱ्या घड्याळात शून्य आलं की मला त्याच्या पाठीवर हाणतो. मी आधी पडलो तर वेळ संपली, चीत नाही. पंजा आधी पडला तर चीत. एवढ्याशा फरकावर गावंच्या गावं एकमेकांशी बोलायची बंद झालेली मी बघितलीत.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या हातात मी, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? मी पुष्कळ हातांतून गेलो. एक नखं खाणारा होता, त्याचं लक्ष कायम मक्याच्या लाह्यांकडे. एक होता तो आमचा गडी खाली असला की चपळ आणि वर असला की सुस्त. मी कुणाला काही बोललो नाही. पण मनात धरून ठेवलं.

मग मार्लिस आली. शाळेतलीच पोरगी, पैलवानांची मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय? पाणी दे, मॅटवरचं रक्त पूस, टॉवेल घरी नेऊन धू, हंगामभर पोरांचं "ए मार्लिस, पट्टी कुठाय?" ऐक. औषधाच्या पाण्याने तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. धुण्याबरोबर तिच्या पिशवीतून मीही तिच्या घरी जायचो.

हात खरबरीत आणि कोरडा. घाम नाही. मला तिथेच शंका आली. ज्याच्या हाताला घाम येत नाही त्याने आधीच काहीतरी ठरवलेलं असतं. त्यात तिचा सख्खा भाऊ ड्वेन आमचा सगळ्यात जड पैलवान. शेवटची कुस्ती त्याचीच. मॅटवर भाऊ आणि सोटा बहिणीच्या हातात. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी धरूनच चाललो.

दुसरा संशय चिअरलीडर पोरींवर. आखूड घागरे घालून त्या मॅटच्या कडेला मांडी घालून बसायच्या आणि दोन्ही तळव्यांनी मॅट बडवायच्या. धपधप, धपधप. त्यांची म्होरकी ट्रूडी. गाव म्हणायचं, पोरी पैलवानांना जोर देतात. मला खरं कारण माहीत होतं, कारण कोच हॅगन घड्याळाच्या टेबलाशी उभा राहूनच त्यांना सांगायचा, "शेवटी शेवटी जोरात वाजवा. भोंगा कुणाला ऐकू जायला नको." म्हणजे पंचाला कळायच्या आत आपल्या गड्याला चिमूटभर वेळ जास्तीची मिळावी. ट्रूडी मान डोलवायची. चुइंगम चघळत मान डोलावणारी माणसं मला आवडत नाहीत.

त्या वर्षी कडाक्याच्या थंडीत नदीपलीकडची शाळा आमच्याकडे आली. सामना शेवटच्या कुस्तीवर येऊन ठेपला. ड्वेनने नुसतं जिंकून भागत नव्हतं. चीत केल्याचे गुण जास्त, म्हणून चीत केलं तरच गावाची जीत.

टेबलाशी मार्लिसच्या शेजारी त्या शाळेचा मॅनेजर बसला होता. लायल नाव, चष्मेवाला, नाक सारखं गळणारा. मार्लिसने मला उचललं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तू धर हा."

"मी? अगं, मी पलीकडचा."

"म्हणूनच. ड्वेन माझा भाऊ आहे. माझा हात मागे राहिला तर मलाही कळायचं नाही."

"आणि माझा पुढे गेला तर?"

"मग तू आणि तुझी झोप."

मी हादरलो. घरचा सोटा परक्याच्या हातात देणारी पोरगी मी पहिल्यांदाच बघत होतो. एक तर ही वेडी, नाहीतर ह्या दोघांचं आधीच ठरलेलं. मी दुसरंच खरं मानलं.

शेवटी शेवटी ड्वेनने पलीकडच्या गड्याला उताणा केला. गाव उभं राहिलं. पोरी मॅट फोडायला निघाल्यासारख्या बडवू लागल्या. पंच पालथा. लायल मला घेऊन त्याच्या मागे. मी वाट बघत होतो, आता हा लवकर हाणणार. त्याचा हात घामाने ओला चिंब होता. पण थांबला. घड्याळात शून्य आलं, तेव्हाच मी पडलो. ना आधी, ना नंतर. पंचाचा पंजा हवेत होता. तो तसाच घेऊन पंच उठला आणि त्याने मान हलवली. चीत नाही.

आता गंमत बघा. भोंगा वाजला होता, पण आमच्याच पोरींच्या बडवण्यात तो कुणाच्याच कानावर गेला नव्हता. गावाने एवढंच बघितलं की पंचाचा पंजा वर गेला आणि पलीकडच्या पोराने आमच्याच सोट्याने तो अडवला.

कोच हॅगन टेबलाशी आला. कान लाल.

"आपला सोटा त्यांच्या हातात कुणी दिला?"

"मी दिला," मार्लिस म्हणाली.

"का?"

"ड्वेन माझा भाऊ आहे, कोच."

"म्हणूनच तर तुला बसवलं होतं ना."

मार्लिसने त्याच्याकडे बघितलं, आणि मीही. माणूस रागात असला की खरं बोलतो. एरवी त्याच्यावर माझा संशय होताच, आता संशयाचीही गरज राहिली नाही.

दोन-चार दिवसांनी रात्री मार्लिसच्या घरी जेवणाच्या टेबलाखाली मी पिशवीत पडलेलो. तिचा बाप, हार्लन, काटा बशीवर घासत होता.

"त्या चष्मेवाल्याशी तुझं काही आहे का?"

"नाही, पप्पा. घड्याळ शून्यावर होतं."

"कुणी बघितलं?"

"मी."

"तू सोडून?"

ती भावाकडे वळली. "ड्वेन, तू सांग. खांदे टेकले होते त्याचे?"

"कॅफेवाल्या बाई म्हणतात टेकले होते."

"त्यांना नाही विचारलं. तुला विचारतेय."

"बटाटे दे जरा इकडे."

कॅफेवाली रोज त्याला फुकट डोनट देत होती. लुबाडला गेलेला पैलवान म्हणून गावभर त्याची पाठ थोपटली जात होती. असा डोनट खाल्ला की खांदे टेकलेलेच आठवतात.

त्यानंतर पोरं तिच्या हातून पाणी घेईनात. स्वतः नळावर जायची. "मार्लिसने दिलं तर आधी पलीकडच्यांना विचारावं लागेल," असं एक जण म्हणाला आणि बाकीचे खिदळले. ती टॉवेल घड्या करत राहिली. हंगाम संपला की तिला काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा न्हाणीघरामागे ती मला हातात घेऊन नुसतीच बसली. मला वाटलं, आता भट्टीत टाकते. ऑर्व्हिल जवळून गेला, त्याने माझी सुटलेली पट्टी दाबून बसवली आणि निघून गेला.

पुढच्या सामन्याला कोचने मला तिच्या पुढ्यातून उचललं आणि ट्रूडीच्या हातात दिलं.

"ड्वेनच्या कुस्तीला तू धर. आणि हे बघ, शून्य झालं की लगेच धावायचं नाही. आधी बुटाची नाडी बांधायची."

"माझी नाडी सुटलेली नाहीये, कोच."

"सुटेल."

तो गेला. मी मनात म्हटलं, आलो बाबा एकदाचा अस्सल चोरांच्या हातात. ट्रूडीने मला काखेत मारलं आणि पोरींपाशी जाऊन प्रत्येकीच्या कानात काहीतरी पुटपुटली. कट शिजतोय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग ती टेबलाशी आली आणि मला मार्लिसच्या मांडीवर टाकलं.

"घे."

"नको, ट्रूडी. परत तेच म्हणतील."

"त्या दिवशी मी घड्याळासमोर बसले होते. शून्य होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. आम्हाला कोण विचारतं गं? आम्ही आपल्या बडवणाऱ्या."

"आज काय वेगळं होणार आहे?"

"आज त्यांना ऐकू येईल," ती म्हणाली आणि जाऊन बसली.

ह्या बोलण्याचा अर्थ मला लागेना, म्हणून मी आणखीच सावध झालो.

पुन्हा शेवटची कुस्ती, पुन्हा चीतच हवं. ड्वेनने गड्याला पाठीवर पाडला. एक खांदा खाली, दुसरा वर, कमानीसारखा. मार्लिस मला घेऊन पंचाच्या मागे बसली. लोक ओरडायला लागले, "अरे हिच्या हातात कुणी दिलं परत?" कोच पोरींना हाताने खुणावत होता, वाजवा, वाजवा.

पोरींनी हात उचलले आणि स्वतःच्या बुडाखाली घातले. सगळ्याच्या सगळ्या पोरी हातांवर बसल्या. तोंड बंद, नजर घड्याळावर.

ओरडणाऱ्याला आपलाच आवाज एकटा पडलेला कळतो. आधी पुढची रांग गप्प झाली, मग मागची. पैलवानांचे बूट मॅटवर घासल्याचा आवाज यायला लागला. मी आजवर ती जागा इतकी शांत ऐकली नव्हती. मार्लिसचा हात ह्या वेळी घामाने भिजला होता. पंचाने पंजा उचलला. तेवढ्यात भोंगा वाजला, सणसणीत, छतापर्यंत, आणि भोंग्याच्या आतच मी पंचाच्या पाठीवर. दोन्ही आवाज एकच. चीत नाही, हे पंचाने सांगायच्या आधी गावाला कळलं होतं.

आता गाव बोलणार काय? प्रत्येकाने आपल्या कानाने ऐकलं होतं.

ड्वेन गुणांवर जिंकला, गाव हरलं. तो धापा टाकत टेबलाशी आला. "कॅफेत आता डोनट मिळायचा नाही," तो म्हणाला.

"पाणी घे."

त्याने तिच्या हातून घेतलं. प्यायला. मग पहिल्या रांगेतल्या बापाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मागच्या वेळी पण त्याचा डावा खांदा वरच होता, पप्पा."

हार्लनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.  निघताना टॉवेलांची ओली पिशवी त्याने स्वतः खांद्यावर घेतली आणि मार्लिसला पुढे चालायला सांगितलं. मी त्या पिशवीतच होतो.

कोचने पोरींना काढलं नाही. एवढ्या पोरी परत आणणार कुठून? मार्लिसही तिची शाळा पुरी होईपर्यंत टेबलाशीच बसली. ट्रूडीने ते सगळं का केलं, हा संशय मला अजून आहे. काहीतरी हवं असणार तिला. आजवर सापडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मी म्हातारा. पट्टी पिवळी पडून सुटत चाललीय, आतला टॉवेल कुबट झालाय. टेबलावर फोमचा नवा, लालभडक, हलका सोटा असतो. मला सामानाच्या खोलीचं दार आपटू नये म्हणून फटीत कोंबलंय. येणारा जाणारा लाथ मारून जातो.

माझ्यावर विश्वास ठेवा, असं मी सांगणार नाही. मी स्वतः कुणावर ठेवला नाही आणि त्यात मार्लिससारख्या भल्या पोरीवर वर्षभर अन्याय केला. एवढंच मागणं आहे: संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, पण आधी आपला गलका थांबवा आणि भोंगा ऐका. चला, दार लावा आता. हळू लावा, मी आहे मधे.