चकतीवरचा हिरवा कंस

रविवार, सकाळचे दहा चाळीस. चकतीवरचा निळा ठिपका अजून लुकलुकत होता, म्हणजे ती अजून कशालाच जोडली गेली नव्हती. तळहाताएवढी, काळी, माइक आणि स्पीकर एकातच, कडेनं बारीक दिव्यांचं वर्तुळ. सुनेत्रानं ती आपल्या बँकेच्या मीटिंग रूममधून मागून आणली होती, कारण पुण्याहून भावानं, अमेयनं, बजावलं होतं — बाबा माझ्याकडे यायला तयार आहेत हे त्यांच्या तोंडून ऐकू दे ताई, तुझ्या नको. बाबांचं गुरुवारचं तिकीट काढून झालं होतं.

दर वेळी चकती लॅपटॉप सोडून तिच्या फोनलाच जाऊन चिकटत होती. तिनं फोनचं ब्लूटूथ बंद केलं, लॅपटॉपमधलं जुनं नाव काढून टाकलं, बटण दाबून धरलं... पाच सेकंद. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची, दर सहा तासांनी गोळी, तीन वर्षं — मोजत राहायची अशी सवय की मोजताना आता काही वाटतही नाही. ठिपका स्थिर झाला.

"झालं काय?" पलंगावरून बाबा. अर्धांगानंतर शब्द स्पष्ट राहिले होते, आवाज मात्र श्वासाएवढा.

"झालं. जो बोलेल त्याच्याकडची बाजू हिरवी होते. बघा." तिच्या बाजूला हिरवा कंस उमटला.

"फॅक्टरीत भोंगा होता," बाबा म्हणाले. "साऱ्या रांझी वस्तीले ऐकू जाये. हे थालीपीठ काय ऐकते."

वर्तुळ काळंच राहिलं. तिनं ते पाहिलं.

नेट तुटतं म्हणून कॅमेरा बंद ठेवून तिनं कॉल लावला.

"आवाज मस्त येऊन राहिला, ताई. बँकेचा माल आहे शेवटी," अमेय म्हणाला. "बाबा, बोला. येता ना पुण्याला?"

बाबांनी चकतीकडे मान वळवली. "मी नाही येत. इथंच बरा आहो."

दिवे लागले नाहीत.

"बाबा? ताई, ते काहून बोलत नाहीत?"

"थांब, बघते." हिरवं झालं, तिच्याकडे.

आवाजाच्या सेटिंगमध्ये शेवटची ओळ होती: पार्श्वध्वनी गाळा — जास्त. पंखा, शेजारचा कुकर, बाहेरचा अधारतालचा रस्ता, आणि बाबा... यंत्राला सगळं सारखंच. 'कमी'वर एकदा दाबलं की पुरे. तेही नको, 'ते नाही म्हणतात' एवढं आपणच सांगितलं तरी पुरे. आता अपराधी वाटेल म्हणून ती थांबली, पण तसं काही वाटलं नाही. मी काहीच केलेलं नाही. हे आधीपासूनच असं होतं, बँकेत कुणीतरी करून ठेवलेलं... पलंग निघाला की खिडकीचं दुसरं दार उघडता येईल. हा विचार वाणसामानाच्या यादीतल्या ओळीसारखा आला आणि गेला नाही.

"मान हलवली का त्यांनी, ताई? हो म्हणाले असं धरू?"

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते पुन्हा तेच बोलले, जरा जोर लावून, आणि वर्तुळ उजळण्याची वाट बघत राहिले.

अकरा वाजून चार मिनिटं. सेटिंग 'जास्त'वर होती. कॉल चालू होता.