बदकाच्या आधी लग्न

छबूच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट परभणीहून आली तेव्हा लग्नाला सव्वा महिना उलटला होता. एवढ्या दिवसांत तिच्या आईला, बोरीच्या गोजरबाईला, लेकीचं तोंड एकदाच दिसलं होतं. छबूला पेडगावला दिलं होतं. पेडगाव काही फार लांब नव्हतं. झरीवरून परभणी, परभणीहून पुढे पेडगाव. सकाळची यष्टी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतं. पण नव्याने लेक दिलेल्या घरी आईने कारणाशिवाय जायचं नसतं, आणि गोजरबाईला कारण सापडत नव्हतं. अठ्ठ्याऐंशी साल होतं ते. लग्नाचं शूटिंग काढायचं खूळ आपल्याकडे नुकतंच आलं होतं. नवऱ्याच्या, व्यंकटरावांच्या, मागे लागून तिनेच शूटिंगवाला बोलावला होता, तो याच दिवसासाठी.

गल्लीतल्या मुंजाजीकडे रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ होता. कार्यक्रमाला तो भाड्याने द्यायचा. त्याने सगळं सामान व्यंकटरावांच्या बैठकीत आणून मांडलं आणि कॅसेट आत सरकवली. गल्ली आधीच गोळा झाली होती. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, आणि दारात चपलांचा ढीग.

दोन तास लग्न चाललं. हळद झाली, अक्षता झाल्या. अंतरपाट धरलेला असताना छबू सटकन शिंकली, ते सगळ्यांना दिसलं. मग पेडगावचे इवाई दत्तराव, म्हणजे नवरदेवाचे वडील, रुसले. फेटे बांधणाऱ्याने त्यांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाला फेटा बांधला होता, तेवढंच कारण. लिंबाखाली पाठ करून ते बसले, व्यंकटराव हात जोडून समजूत घालायला गेले, आणि शूटिंगवाल्याने नेमकं तेच जवळून घेतलं होतं. "आमी पाव्हणे म्हनून आलोत का रस्ता चुकून आलोत?" हे दत्तरावांचं बोलणं खणखणीत ऐकू आलं. बैठकीत कोणी हसलं नाही. व्यंकटराव समोरच बसले होते.

शेवटी छबूची बोळवण आली. पडद्यावरची गोजरबाई लेकीच्या गळ्यात पडून रडत होती, आणि बैठकीतली गोजरबाई पदर डोळ्याला लावून रडत होती. जीप हलली. धूळ उडाली. पडदा एकदम थरथरला, दोन आडव्या पट्ट्या सरकल्या, आणि धुळीतून एक बदक चालत आलं.

खरं बदक नव्हे, चित्रातलं. पांढरंशुभ्र, लांब मानेचं, डुलत डुलत चालणारं. त्याच्या मागे उंच टोपी घातलेला एक ढेरपोट्या आचारी, हातात सुरा घेऊन. आचाऱ्याने सुरा उगारला, तर बदकाने त्याच्या पायाखाली लोण्याचा गोळा सरकवला. आचारी घसरत घसरत गेला आणि थेट चुलीवरच्या पातेल्यात बसला. बदकाने त्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, पातेल्यात मीठ टाकलं, पळीने चव घेतली, तोंड वाकडं केलं, आणि आणखी मीठ टाकलं.

आधी सगळे पुढे वाकून बघायला लागले. मग शेजारची म्हातारी कडूबाई खोकला आल्यासारखी हसली, आणि तिच्यामागून सगळी बैठक फुटली. पदर डोळ्याला लावलेला तसाच ठेवून गोजरबाई हसत होती. कशाला रडत होतो आणि कशाला हसायलोत, तिचं तिलाच कळेना. आठ-दहा मिनिटांत चित्र संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या, तरी कोणी उठेना.

मुंजाजीने परभणीला जाऊन चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. शूटिंगवाल्याचा मेहुणा कुवेतला होता. त्याने तिकडून असल्या चित्रांची कॅसेट पाठवली होती. ऐन लग्नात कोरी कॅसेट कमी पडली, म्हणून शूटिंगवाल्याने त्याच कॅसेटवर लग्न भरलं. चित्राचा सुरुवातीचा भाग लग्नाखाली गेला होता, उरला तो शेवट. त्यामुळे आचारी आणि बदकाचं मुळात भांडण कशावरून झालं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कडूबाई दारात हजर.

"गोजरे, ते बदक लाव की पुन्यांदा. माझ्या सुनेचं बगायचं राहिलं."

मुंजाजीने बटण दाबून लग्न पुढे पळवलं. हळदीतल्या बाया मुंग्यांसारख्या धावल्या, अक्षता उडाल्या न उडाल्या, छबू घरातून जीपपर्यंत वाऱ्यासारखी गेली. बदक आलं, सगळे पोट धरून हसले आणि उठून गेले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली माणसं आली. मुंजाजीने बटणाला हात लावला, तशी गोजरबाई उठली.

"राहू दे, मुंजाजी. पळवू नको."

"काकू, ह्यान्ला बदक बगायचंय."

"बगू दे की. पर आदी माजी लेक बगायची, मंग बदक. ज्याला सबर न्हाई त्यानं घरी जावं."

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग एकेक जण पुन्हा खाली बसला. पुरे दोन तास त्यांनी लग्न पाहिलं, आणि मागे गोजरबाई भिंतीला टेकून लेकीला बघत बसली.

तेव्हापासून तोच नियम झाला. कॅसेट ती पेटीत कुलूप लावून ठेवायची. मुंजाजीला झरीच्या एका बारशाला ती हवी झाली, तेव्हा तिने त्याला देवघरासमोर उभं करून वदवून घेतलं, की एक घडीभरही लग्न पळवणार नाही. मुंजाजी शब्दाला पक्का निघाला. झरीच्या लोकांनी कुरकुर केली, पण पाहिलं. तिथून एकाच्या सासरवाडीला, तिथून आणखी कुठे, असं करत कॅसेट गावोगाव हिंडायला लागली. दर खेपेला मुंजाजी ती वापस आणून गोजरबाईच्या हातात द्यायचा आणि कुठे काय झालं ते सांगायचा.

बदक सगळ्यांना आवडायचंच. पण त्यासाठी पाच-सहा वेळा लग्न पाहिलेल्या लोकांना आता लग्नही पाठ झालं होतं. छबू कधी शिंकणार ते त्यांना ठाऊक असायचं, शिंक आली की बाया म्हणायच्या, "शंबर वर्स आयुष्य." बदकाच्या भांडणावरही वाद रंगायचे. कोणी म्हणायचं, आचाऱ्याने बदकाची अंडी चोरली असतील. झरीच्या एका शेतकऱ्याचं ठाम मत होतं, की हा बांधाचा वाद आहे.

आणि दत्तराव रुसायला लागले, की सगळी बैठक एका सुरात म्हणायची, "आमी पाव्हणे म्हनून आलोत का रस्ता चुकून आलोत?"

हे गोजरबाईला कळलं तेव्हा तिने मुंजाजीला बोलावून घेतलं. ती मुंजाजीला म्हणाली, "आता कॅसेट कुणाला द्याची न्हाई. इवायाच्या कानावर गेलं तर लेकीला बोलनी खावी लागतील."

पण तोवर उशीर झाला होता. परभणीच्या मोंढ्यात दत्तराव ज्वारी घेऊन गेले होते. तिथे एका अनोळखी हमालाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि हसून विचारलं, "काय मालक, पाव्हणे म्हनून आलात का रस्ता चुकून?" आसपासचे पाच-पंचवीस जण हसले. दत्तरावांना आधी काही समजेना. समजलं तेव्हा ते पेडगावला न जाता तसेच बोरीच्या यष्टीत बसले.

दुपार होती. व्यंकटराव शेतात गेले होते, आणि कडूबाईचे माहेरचे पाहुणे हटून बसले म्हणून कॅसेट नेमकी त्याच दिवशी पुन्हा लागली होती. दत्तराव दारात उभे राहिले. गोजरबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती उभी राहिली.

"या इवाई, बसा. पानी आनते."

"पानी नको. ती कॅसेट द्या."

तेवढ्यात कोणीतरी वळून पाहिलं. कॅसेटमधले इवाई आले, अशी बैठकीत कुजबुज झाली, आणि एकेक जण उठून उभा राहिला. साहेब यावा तशी माणसं बाजूला झाली. कडूबाईच्या पाहुण्यांनी त्यांना नमस्कार केला, पुढची गादी झटकली, टीव्हीसमोर जागा करून दिली. इतका मान मिळाल्यावर उभ्या उभ्या भांडता येईना. दत्तराव बसले.

पडद्यावर लिंब आला. आज बैठकीतून कोणीही त्यांच्या सुरात सूर मिसळला नाही. पडद्यावरचे दत्तराव एकटेच बोलले. बैठकीतले दत्तराव मान पुढे काढून बघत राहिले.

"मी पाठीमागून असा दिसतो व्हय?" ते हळूच म्हणाले.

लग्न पुढे सरकलं, बोळवण झाली, जीप गेली, बदक आलं. लोण्यावरून आचारी घसरला तेव्हा दत्तरावांच्या मिशा हलल्या. बदकाने मिठाची चव घेतली तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला.

"पर हे बदक त्याच्यावर कामून चिडलंय येवढं?" त्यांनी विचारलं.

कडूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "फेटा आदी दुसऱ्याला बांदला असंल."

गोजरबाईला वाटलं, आता धरती दुभंगावी. दत्तराव कडूबाईकडे बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, फेट्याच्या शेमल्याने ते पुसावं लागलं. मग सगळेच हसले.

चहा झाला. निघताना ते गोजरबाईला म्हणाले, "इहीनबाई, कॅसेट मी नेतो. आमच्या घरी कुनी बगितली न्हाई."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. तिने कॅसेट फडक्यात गुंडाळून दिली.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. माणूस वरवर हसला, पण घरी जाऊन त्याने ती चुलीत घातली असेल, असं तिला वाटायला लागलं. व्यंकटराव म्हणाले, "शूटिंगवाल्याकडं दुसरी हाय का इचारू."

"दुसरी कशाला?" गोजरबाई म्हणाली. "आपली हाय की पेडगावला. मी जाऊन आनते."

बोलून गेल्यावर ती स्वतःच थबकली. मग ओट्यावर बसून तिने लाडवाचं पीठ चाळायला घेतलं.

पेडगावला दत्तरावांच्या अंगणात ती शिरली, तर चपलांचा ढीग. आत दत्तराव टीव्हीशेजारी उभे राहून पाव्हण्यांना सांगत होते, "जरा दम धरा, आता मी रुसनार हाय. पळवायचं न्हाई, आमच्या इहीनबाईचा हुकूम हाय." लिंबाखालचं त्यांचं वाक्य आलं, तेव्हा ते स्वतःच सगळ्यांच्या पुढे म्हणाले.

विहीणबाई सगुणाबाईने गोजरबाईला हाताला धरून आत नेलं. स्वयंपाकघरात छबू चुलीपुढे कपबशा मांडून बसली होती. कपाळावर घाम, हाताला चहापत्तीचा वास. आईला बघून ती उठली, मिठी मारली आणि कानात म्हणाली, "माय, बरी आलीस. ती कॅसेट घेऊन जा बाई. रोज चाळीस कप चा करून मी बेजार झाले."

गोजरबाईला हसू आवरेना. तिने पदर खोचला आणि कप विसळायला घेतले. लेकीचं अंग जरा भरलं होतं. बांगड्या त्याच होत्या.

"सासू बोलती का काई?"

"न्हाई गं. चांगली हाय. चूल तेवडी लय धूर करती. आन सासरे आताशा सारखे हासतेत."

बाहेर गलका वाढला. सगुणाबाई दारात येऊन म्हणाली, "चला की मायलेकी. बदक यायलंय."

"तुमी व्हा पुडं," छबू म्हणाली. "आमी हितंच बसतो."

तिने चुलीवर पुन्हा आधण ठेवलं, दोनच कपांचं. साखर कुठल्या डब्यात आहे ते आईला दाखवलं, आणि पाट ओढून तिच्या शेजारी बसली.