साठीवरच्या निरोगी बायका पाहिजेत

वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातली सोजराबाई सत्तरीला आली होती. रोज शेरडं घेऊन डोंगर चढायची आणि उतरताना सुनेला शिव्या घालायची. थोडक्यात, तब्येत ठणठणीत. १९७४ साली पायात काटा मोडला म्हणून मुलगा रायबा तिला भोरला डॉक्टर साहेबरावांकडे घेऊन आला आणि तिथं सगळं बिघडलं.

साहेबराव नुकतेच पुण्याहून शिकून आले होते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची नवी रक्ततपासणी मुंबईत सुरू झाली होती आणि ती कुणावर तरी करून बघायला त्यांचे हात शिवशिवत होते. काटा काढता काढता त्यांनी सोजराबाईचं रक्तही काढलं आणि बर्फाच्या थर्मासमधून एसटीनं रवाना केलं.

रिपोर्ट आला. आकडा नॉर्मलच्या वर. या तपासणीत आकडा जितका वर, तितकी ग्रंथी मंद.

“आजी, तुमचं शरीर थंडावलंय. रोज ही गोळी घ्यायची.”

“म्या थंड? माज्या सुनेला इचारा!”

तरी गोळी सुरू झाली. थोड्याच दिवसांत रायबा आईला घेऊन परत हजर. “डाक्टर, म्हातारी झोपतच न्हाई. हात कापत्यात, छाती धडधडती. शेरडांच्या म्होरं पळती. शेरडं दमली, पर ही दमंना!”

साहेबरावांनी तिची नाडी धरली, तशी त्यांची स्वतःचीच पळायला लागली. गोळी तिथल्या तिथं बंद केली. मग त्यांनी मुंबईच्या लॅबला ट्रंककॉल लावला. तुमचं हे नॉर्मल आणलंत कुठून?

“हॉस्टेलची पोरं,” तिकडचे साहेब अभिमानानं म्हणाले. “विशीतली. चहा-बिस्किटावर रक्त देतात.”

सत्तरीच्या बाईला नापास केलं होतं ते मेसच्या आमटीवर पोसलेल्या पोरांनी.

“अहो, म्हाताऱ्या बायकांचं नॉर्मल वेगळं नसेल का?”

“असेलही. तुम्ही रक्त पाठवा, आम्ही तपासतो.”

आठवडी बाजाराच्या दिवशी साहेबरावांनी दवाखान्याबाहेर पाटी लावली आणि माणूस उभा करून ती ओरडायलाही लावली: साठीवरच्या निरोगी बायका पाहिजेत! बायका भरपूर आल्या, पण निरोगी एकही निघाली नाही. तो शब्दच त्यांना अपमानाचा वाटला. रतनबाईचे गुडघे, धोंडाबाईचं पित्त, कोंडाबाईच्या तर कानात आगगाडी चालायची. भोरला आगगाडी नव्हती, तरी चालायची. जन्मभर राबून मिळवलेलं दुखणं कुणी असं फुकट सोडायला तयार नव्हतं.

शेवटी सोजराबाई धावून आली. गोळी सुटल्यापासून तिच्या शिव्या पुन्हा नेहमीच्या चालीवर आल्या होत्या.

“ए भवान्यांनो! एवढं दुखतंय तर डोईवर पाट्या घिऊन बाजार कसा गाठला? बसा गप. हात काढा!”

बसल्या सगळ्या.

संख्या जरा वाढावी म्हणून साहेबरावांनी घरी आईचंही रक्त काढलं. त्यांची आई लीलाबाई चैत्रातसुद्धा घोंगडी पांघरून बसायची. आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, बोलता बोलता डोळा लागायचा. “वय झालं,” असं साहेबराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आकडे आले. बाजारातल्या बायका बहुतेक सोजराबाईच्याच आसपास होत्या, हॉस्टेलच्या रेषेच्या थोड्या वर आणि खणखणीत. एक आकडा मात्र सगळ्यांच्या डोक्यावरून गेला होता. लीलाबाईचा.

साहेबरावांनी सोजराबाईचा आणि आईचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. जिला गोळी नको होती तिला त्यांनी डोंगरभर पळवलं होतं आणि जिला हवी होती ती त्यांच्याच घरात कुडकुडत होती. संध्याकाळी आईसमोर जाताना त्यांची मान वर होईना.

“आई, तू खरंच आजारी आहेस गं.”

“म्या कवाधरनं सांगतीय,” लीलाबाई म्हणाली आणि तिला जांभई आली.

यावेळी त्यांनी पाव गोळीपासून सुरुवात केली आणि नाडी बघत बघत हळूहळू वाढवली. लॅबनं पुढं रिपोर्टांवर वयस्क बायकांसाठी वेगळी ओळ छापली. शोधाचं श्रेय अर्थातच तिकडच्या साहेबांनी घेतलं.

दिवाळीपर्यंत लीलाबाईचा आवाज मोकळा झाला. ती दवाखान्याच्या बाकावर येऊन बसू लागली. निम्मे पेशंट तिच्याशी बोलूनच बरे होऊन परत जायचे आणि साहेबरावांना ते फारसं आवडायचं नाही.