फोर्डसाहेबांचे मोदक

वसंतराव दाणींना बोलतं करायला फारसे कष्ट पडत नसत. समोर चहा ठेवायचा, मोटारीचा विषय काढायचा आणि घड्याळाकडे बघायचं सोडून द्यायचं. मोटारीचा विषय नसला तरी अडत नसे. भोपाळच्या नळाच्या पाण्यावरून निघालेलं बोलणं दोन वळणं घेऊन अमेरिकेत पोचायचं आणि थेट फोर्ड कंपनीच्या दारात जाऊन थांबायचं. याला कारण होतं. बरखेड्याच्या सरकारी कारखान्यात त्यांची सगळी नोकरी उत्पादनाचं नियोजन करण्यात गेली होती, आणि तिथे एकेक अवाढव्य यंत्र महिनोन्‌महिने जागचं हलत नसे. माणसंच त्याच्याभोवती फिरत. अशा माणसाला, माणसं जागच्या जागी उभी आहेत आणि मोटारच त्यांच्यासमोरून सरकत सरकत पुरी होते आहे, हा साक्षात चमत्कार वाटला तर नवल नाही.

दारात त्यांची रुपेरी फोर्ड आयकॉन उभी असे. गाडी म्हातारी झाली होती, पण किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला ओ द्यायची. फोर्डने भारतात मोटारी बनवणं बंद केलं तेव्हापासून मात्र बरखेड्याच्या वसाहतीला आयतं कोलीत मिळालं. तिथल्या सुमुख गणेश मंडळाचे सचिव सुधाकर किबे सगळ्यांच्या पुढे. हे मूळचे इंदूरचे, टी. टी. नगरला कापडाचं दुकान, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार.

"काय वसंतराव, कंपनी तर बोरिया-बिस्तर बांधून गेली. तुम्ही अजून चौकीदारी करताय?"

"एका गावातलं दुकान बंद केलं म्हणून घराणं बुडत नाही, किबे," वसंतराव म्हणायचे. "शंभर वर्षांच्या वर चाललंय ते. पडलं, झडलं, पुन्हा उभं राहिलं."

त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई अशा वेळी आत निघून जात. एवढी वर्षं त्यांनी ते पुराण ऐकलं होतं. "सवत असावी तर अशी," त्या शेजारणींना सांगत, "कधी घरी येत नाही, आणि कधी घरातून जातही नाही."

त्या वर्षी श्रावणात मंडळाची बैठक भरली तेव्हा विषय मोटारीचा नव्हता, मोदकांचा होता. गणपतीच्या पाचव्या दिवशी आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गरम उकडीचा मोदक ठेवायचा, ही मंडळाची जुनी रीत. बरखेड्यातले मराठी बहुतेक नागपूर-इंदूरकडचे, तळणीचे मोदक खाऊन वाढलेले. उकडीच्या मोदकाचं त्यांना भारी अप्रूप. आणि ते मोदक म्हणजे शकुंतलाबाई. माहेर उज्जैनचं, पण आई कोकणातली; आईचा हात जसाच्या तसा लेकीत उतरला होता. एकेका मोदकाला एकवीस कळ्या, एकसारख्या, आणि वर सुईसारखं नाक.

पण वसाहतीबाहेरही बातमी पसरली होती. शहरातल्या अयोध्या नगर वसाहतीतून माणसं येऊ लागली. गेल्या वर्षी रांग फाटकाबाहेर गेली आणि मोदक मध्येच संपले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "दाणीबाई कळ्या मोजत बसल्या, आणि लोक उपाशी गेले." हे शकुंतलाबाईंनी आपल्या कानांनी ऐकलं. घरी येऊन मोदकपात्र माळ्यावर टाकलं, आणि वर्षभर घरात मोदक झाला नाही.

"तर यंदा हलवायाकडून पेढ्याचे डबे," किबे म्हणाले. "झंझट नको. हात वर करा."

हात वर जाऊ लागले तसे वसंतराव उठून उभे राहिले. काय बोलणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. माळ्यावरचं ते पात्र तेवढं डोळ्यांपुढे होतं.

"मोदकच होतील," ते म्हणाले. "घरचे, हातचे, गरम. आणि सगळ्यांना पुरतील. माझा शब्द."

"कसे?"

"फोर्डसारखे."

सभागृह कण्हलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि एक जरी माणूस मोदकाशिवाय परत गेला, तर वसंतरावांनी पुन्हा फोर्डचं नाव काढायचं नाही!" असा हशा पिकला की विचारू नका. किबेंनी लगेच तोच ठराव मांडला, आणि सगळे हात झर्रकन वर गेले. वसंतरावांबरोबर रोज फिरायला जाणारे मित्रसुद्धा हात वर करून हसत होते. ते मात्र त्यांना लागलं.

"मंजूर," ते म्हणाले.

घरी आल्यावर खरी परीक्षा होती.

"मला विचारलंत?" शकुंतलाबाईंनी डाळ घोटता घोटता विचारलं.

"नाही."

"मग तुम्हीच करा. नाहीतर तुमच्या अमेरिकेहून मागवा."

वसंतरावांनी त्यांना समजावलं. आधी फोर्डकडेही चार कारागीर मिळून एक मोटार जोडायचे. मग कामाचे तुकडे केले, प्रत्येकाला एकच काम दिलं, आणि बारा तासांची जोडणी दीड तासावर आली. मोटार इतकी स्वस्त झाली की शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मोदकाचंही तसंच करायचं. एकीने उकड मळायची, दुसरीने गोळे, तिसरीने पारी, चौथीने सारण, आणि तू फक्त कळ्या. ही युक्ती मुळात शिकागोच्या कसाईखान्यातल्या रांगेवरून सुचली होती, हा भाग गणपतीचा विषय असल्यामुळे त्यांनी शहाणपणाने गाळला.

"म्हणजे पारी एकीची, सारण दुसरीचं. मग मोदक कुणाचा?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

हा अध्याय फोर्डपुराणात नव्हता. पण बाई रंगीत तालमीला आल्या. नवऱ्याचं चारचौघांत हसं झालं हे त्यांना शेजारणीकडून कळलं होतं, आणि आपला नवरा कितीही डोक्यात जात असला तरी त्याला हसायचा हक्क त्यांच्या मते एकटीचा होता.

तालीम झाली ती अशी की झाकावी कुठे आणि दाखवावी कुठे. वसंतरावांनी मंडळाच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून टेबलं मांडली, सनमायक्याला तेल फासलं, म्हणजे ताटली एकीकडून दुसरीकडे सरकेल. सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून ओळीने उभ्या. "बोलायचं नाही, लक्ष कामावर," असं सांगून ते शिट्टी गळ्यात घालून मागे फिरू लागले.

पहिल्यांदा वैजयंती गोखले भडकल्या. यजमानांच्या बँकेच्या बदलीमुळे पुण्याहून आलेल्या, पीएच.डी. झालेल्या बाई. "मी आयुष्यभर नुसते गोळेच करायचे का? मला सगळा मोदक येतो!" सारण भरणारी पूजा "काकाजी, बोअर हो रहा है यार," म्हणून फोन घेऊन बाहेर गेली. उकड मळणाऱ्या सुमित्राबाईंना घरी दूध तापत ठेवल्याची आठवण झाली. आणि शकुंतलाबाईंसमोर पाऱ्यांचा ढीग साचला. एकवीस कळ्या पडेपर्यंत मागच्या पाऱ्या वाळून त्यांना चिरा पडायच्या. जे थोडे मोदक मंडळाच्या पात्रात गेले ते फुटून त्यांची खीर झाली. किबे दारातून डोकावले, नुसते हसले आणि गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वसंतराव अंगणात आयकॉनच्या बॉनेटला टेकून उभे होते. जेवायला हाक मारूनही आले नाहीत, तेव्हा शकुंतलाबाई बाहेर आल्या.

"हरलो ग मी," ते म्हणाले. भावना दाटली की त्यांच्यातला नागपूरकर बाहेर पडे. "उगाच तुझ्या नावाची शोभा करून राहिलो. गेल्या वर्षी लोकांनी तुला बोल लावला, तो मला सहन नाही झाला. बस, एवढंच होतं. फोर्ड-बिर्ड काही नाही."

शकुंतलाबाई येऊन त्यांच्या शेजारी बॉनेटला टेकल्या. वर्षभरात हे कुणीच बोललं नव्हतं.

"त्याच्या कारखान्यातून माणसं पळाली नाहीत का?" त्यांनी एकदम विचारलं.

"कोणाच्या?"

"फोर्डच्या. दिवसभर एकच चाक लावायचं. मी असते तर दुपारीच निघून आले असते."

"पळाली ना! ढिगाने पळाली. भरती करून करून थकले. शेवटी मजुरी दुपटीने वाढवली, दिवसाला पाच डॉलर."

"आणि बोलायला?"

"बोलायला बंदी. लोक ओठ न हलवता बोलायला शिकले होते."

"हात तिच्या!" शकुंतलाबाई हसल्या. "तिथेच चुकला तुमचा साहेब. अहो, बायका मोदक करायला येतात त्या काय मोदक करायला येतात होय? उद्या ती टेबलं भिंतीपासून ओढा. मधोमध लावा आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसवा. ताटली सरकू दे तुमच्या फोर्डसारखी, पण तोंडं चालू राहू देत. कंटाळा आला की जागा बदलायची. कळ्यांना चौघीजणी. मी शेवटाला बसेन आणि प्रत्येकाचं नाक काढेन. वाईट मोदक माझ्या हातून पुढे जाणार नाही."

"आणि एकवीस कळ्या?"

आईची शिकवण होती ती. "अकरा," त्या म्हणाल्या. "पण एकही वाकडी चालणार नाही. आणि तुम्ही मोदकपात्रापाशी उभं राहायचं. बोलायची मुभा फक्त बायकांना."

त्याच रात्री मोदकपात्र माळ्यावरून खाली आलं.

पाचव्या दिवशी दुपारपासून मंडळाच्या स्वयंपाकघरात जो कल्ला सुरू झाला तो बाहेर आरतीच्या झांजांना भारी पडत होता. उकड मळता मळता सुमित्राबाईंनी सुनेची कथा काढली. ती गोळ्यांपाशी आली तेव्हा अर्धी झाली होती, आणि कळ्यांपर्यंत पोचेतो सूनच बरोबर आहे असा निकाल लागला. ताटली सरकत होती. पूजाने पारीचं तंत्र एकदा जमल्यावर उठायचंच नाकारलं. गोखलेबाई सारणावरून कळ्यांवर आल्या आणि त्यांची पहिली कळी शकुंतलाबाईंनी "वा!" म्हणून पुढे घेतली, तेव्हा पीएच.डी.च्या वेळीही झाला नसेल असा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला. वसंतराव वाफेत घामाघूम उभे होते. पात्रं भरत होती, उतरत होती. आयुष्यभर जे नुसतं सांगितलं ते डोळ्यांसमोर चालू होतं, आणि बोलायची बंदी असल्यामुळे त्यांना ते पोटभर बघता आलं.

रांग मात्र वाढत गेली. मोदक खाऊन निघालेले लोक फोन करून आणखी लोक बोलावत होते. फाटकाबाहेर, वळणावर, पार पलीकडच्या बाजारापर्यंत माणसं. इकडे गोळे मागे पडू लागले. नेमके तेव्हाच किबे पुन्हा डोकावले.

"बघताय काय?" गोखलेबाई ओरडल्या. "हात धुवा आणि बसा!"

"मी? अरे बहनजी, मला कुठे..."

"बसा!"

किबे बसले. तेलाचा हात घेऊन त्यांनी उकडीचा पहिला गोळा वळला, दुसरा वळला, आणि मग जी गती घेतली ती बघून सुमित्राबाईंची कथासुद्धा थांबली. दुकानात दिवसभर कापडाचं ठाण उलगडून गुंडाळणारे हात होते ते. ताटली पुन्हा सरकू लागली. "चलो, पुढे चलो!" किबे स्वतःच ओरडत होते. आपण कुठल्या बाजूचे आहोत याचा त्यांना साफ विसर पडला होता.

दिवे लागले, आणि बाहेर मोदक वाटणारी सायली धावत आत आली. तिच्या हातातल्या ताटात मोदक होते. "काकू, रांग खतम! सच्ची! एकसुद्धा माणूस बाकी नाही, आणि हे बघा, मोदक उरले!"

क्षणभर कुणालाच पटलं नाही. मग सगळ्या बायका एकदम ओरडल्या. पूजाने पिठाच्या हातांनी गोखलेबाईंना मिठी मारली. वसंतरावांनी गॅस बंद केला आणि झाऱ्यासकट तिथेच खाली बसले.

किबेंनी दोघा नवराबायकोंना धरून मंडपात नेलं. मंडप खच्चून भरला होता. "भाइयों, सज्जनहो, माणूस जिंकला आहे!" त्यांनी ध्वनिक्षेपकावर सांगितलं. "ठरावाप्रमाणे वसंतरावांना फोर्डवर बोलायचा पुरा हक्क आहे, आणि आज आपल्याला ऐकावंच लागेल. बोला, वसंतराव, जितना मर्जी बोला!"

वसंतरावांनी माइक हातात घेतला. हजारदा केलेलं भाषण होतं. पण समोरची माणसं, त्यांच्या हातांतले ते मोदक, आणि बाजूला पदराने हात पुसत उभी असलेली बायको बघून ते भाषणच विसरले आणि माइकसकट हात जोडून उभे राहिले.

मग त्यांच्या हातातून कुणीतरी माइक काढून घेतला. शकुंतलाबाईंनी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता.

"एकोणीसशे तेरा साली," त्या म्हणाल्या, "अमेरिकेत फोर्ड नावाच्या कारखान्यात मोटार चालायला लागायच्या आधीच चालायला लागली. माणसं उभी आणि मोटार पुढे. बारा तासांचं काम दीड तासावर आलं. श्रीमंतांची वस्तू गरिबांच्या दारात गेली. फार मोठी गोष्ट केली त्यांनी. पण त्या कारखान्यात बोलायला मनाई होती आणि माणसं कंटाळून पळून जायची. आज आम्ही बायकांनी तेवढी दुरुस्ती केली. तुमच्या हातातल्या मोदकाला आठ-दहा जणींचे हात लागलेत, आणि तो प्रत्येकीचा आहे. हे सगळं मला ह्यांनी सांगितलं. रोज सांगतात. मी ऐकत नाही असं त्यांना वाटतं."

मंडपातून टाळ्या उठल्या त्या थांबेनात. वसंतराव तिच्याकडे बघतच राहिले. कणीक मळताना, भाजी चिरताना, पाठ फिरवून आत जाताना तिने सगळं ऐकलं होतं.

"आणि ऐका," शकुंतलाबाई आता रंगात आल्या होत्या, "पळणारी माणसं राहावीत म्हणून फोर्डने मजुरी दुप्पट केली. पाच डॉलर रोज! एकोणीसशे पंधरा साली!"

चौदा. चौदा साली, जानेवारीत. ते वसंतरावांच्या ओठांपर्यंत आलं. एवढ्या वर्षांत फोर्डची तारीख कुणी चुकवली आणि त्यांनी ती जागच्या जागी दुरुस्त केली नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, बायकोच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.