एकमताने मंजूर

सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोव्त्सीच्या बूट कारखान्यात झेलमान इसाकोविचइतकं फर्डं निषेधाचं भाषण कुणालाच जमत नसे. तीस वर्षांत त्याने भांडवलदार झोडले, दारुडे झोडले, उशिरा येणाऱ्या शिलाईवाल्या बायकाही झोडल्या. आता पाळी पोटच्या पोरीची होती.

पोलिना तिथेच चामड्याचे नमुने कापायची. तिला कायमचं इस्रायलला, हैफाला जायचं होतं. आईबापाची 'हरकत नाही' अशी सही असल्याशिवाय अर्जाला कुणी हात लावत नसे, आणि तिकडच्या निमंत्रणाची मुदत शुक्रवारी संपत होती. आई केव्हाच वारली होती. उरला झेलमान.

"बाबा, एक सही. जीव मागत नाहीये मी."

"जीव माग, देतो. सही केली तर पक्षातून हाकलतील मला!"

बुधवारी कारखान्यात पोलिनाच्या निषेधाची सभा भरली. "कॉम्रेड, बाप म्हणून सुरुवात तुम्हीच करा," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाला. झेलमान उठला. तोंडाला सवय होती.

"असली कृतघ्न बाई सोव्हिएत मातीवर एक दिवससुद्धा नको! काढा हिला देशाबाहेर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो आणखी चेवाने बोलत सुटला. शेवटी सगळे हात वर गेले आणि ठरावावर शिक्का बसला.

घरी येऊन त्याने सही केली. "पक्षाचा ठराव आहे. शिस्त मोडणाऱ्यातला मी नाही."

पोलिना रडता रडता हसली. "आणि ठरावात ते शेवटचं काय होतं? 'हिचं पत्र आलं तर कुणीही न फोडता परत पाठवावं'?"

"टाळ्या थांबेनात गं," तो ओशाळून म्हणाला. "मग मला आवरत नाही."

निघायच्या दिवशी, प्रवासाआधीच्या रशियन रिवाजाप्रमाणे, दोघं मिनिटभर बॅगेवर गप्प बसली. मग ती गेली.

पानगळीच्या सुमारास पत्र आलं. ते आणणाऱ्या टपालवाल्या बाईचा नवरा पक्षाच्या समितीत होता, आणि ती दारातच ठाण मांडून उभी राहिली. झेलमानला पाकीट फोडायची इतकी ओढ लागली की डोळे भरून आले.

"परत पाठवायचं ना?" बाईने विचारलं.

"अर्थात," तो म्हणाला, आणि त्याने चष्मा शोधला, पेनात नवी शाई भरली. मग पाकिटावर, पोलिना शाळेत असताना तिला गिरवायला द्यायचा तशा टपोऱ्या अक्षरात, सावकाश, एकेक वळण घोटत त्याने लिहिलं : 'स्वीकारले नाही.'

खाली जागा उरली होती, म्हणून तेच पुन्हा एकदा लिहिलं.