अळिंबीची खोली

ऋतुजाने भुसा भरून टांगलेली पिशवी फिरवून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. भोकांतून अळिंबी बाहेर आली होती, पण देठ बोटाएवढे लांब आणि छत्र्या शर्टाच्या बटणाएवढ्या. शेजारच्या पिशवीचीही तीच गत. असला माल कोण घेणार?

खोलीत भरदुपारी काळोख होता. तिने खिडकीकडे हात नेला. काहीतरी जाड, खरखरीत हाताला लागलं. चौकटीवर खिळे ठोकून ताणून बसवलेलं. सासऱ्यांची घोंगडी.

बिरप्पा दारातच उभे होते. सांगोल्याच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले, मेंढरं भावाकडे गेली आणि मुलाने त्यांना सोलापुरात आणलं. "हितं माजं काय काम?" म्हणत येत्या रविवारी ते परत निघणार होते. हल्ली ते पहाटे कुडकुडत बसलेले दिसत. घोंगडी कुठाय विचारलं, की विषय बदलत.

"फटीतनं उजेड यायचा गं," ते म्हणाले. "तूच म्हनली हुतीस की, अंधारात ठिवायचं."

"व्हय मामा, पण बेणं धरेपर्यंतच. पिशवी आतून पांढरी झाली की उजेड लागतो. त्याशिवाय छत्री उमलत नाही."

बिरप्पांनी एकेका पिशवीकडे पाहिलं.

"म्हंजी मीच नासवलं."

"मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, मामा." तिने खिळे उपसले, घोंगडी झटकली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. "उरलेलं ऐका. खिडकी सकाळी उघडायची, सांजेला लावायची. उजेड हवा, पण थेट ऊन नको. कोवळे कोंब वाळतात. मी दिवसभर शाळेत शिकवायला. इथं कोण बघणार?"

वाकून त्यांनी जमिनीवर पडलेले खिळे तेवढे वेचले.

रविवारी सकाळी सांगोल्याची गाडी सुटायची वेळ झाली, तरी बिरप्पा चहाला आले नाहीत. ऋतुजा कप घेऊन खोलीत गेली.

खिडकी उघडी होती. पिशव्यांवर नवे करडे, गुबगुबीत कोंब धरले होते. बिरप्पा उन्हाकडे पाठ करून जमिनीवर बसले होते, आणि खालची पिशवी त्यांच्या सावलीत होती. कवडसा सरकला, तसे हात टेकून तेही वीतभर सरकले.

"मामा, चहा निवतोय."

"ठिव तितं," ते मागे न वळता म्हणाले. "ऊन जरा वर जाऊंदे."