ज्वारीच्या ताटांचं विमान

दानीएल गुरुजींनी विमान पाडलं तेव्हा माळावर साक्षीला एक शेळी होती, आणि तिनेही चरणं थांबवलं.

विमान त्यांचं नव्हतं, जावयाचं होतं. जोशुआच्या भावाने कुवेतहून आणलेलं, दोन हात पंखांचं, इंजिनवालं, रिमोटवर उडणारं. नगरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते उडवायचं कुठे, म्हणून सत्त्याण्णवच्या नाताळात जोशुआने ते मिरजगावला सासऱ्यांकडे आणून ठेवलं. मी आल्याशिवाय याला हात लावू नका, एवढंच तो म्हणाला. गुरुजींनी शब्द दिला. गुरुजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यात जावई नवा, लेकीच्या लग्नाला वर्षही झालेलं नाही; अशा वेळी सासऱ्यानेच शब्द मोडला, तर सासरेपणात उरतं काय?

तरी सुगी सरता सरता त्यांनी विमान उडवलंच. ते वर गेलं हेच आक्रीत. विमान वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, हे जोशुआने नाताळात विमान उडवताना त्यांच्यादेखत दहादा सांगितलं होतं. जन्मभर वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढंच ऐन वेळी आठवलं नाही. विमान बाभळीत शिरलं. पंखाचे दोन तुकडे, शेपूट वेगळी, इंजिनात माती.

गुरुजी मटकन खाली बसले. शेळीने पंखाचा एक तुकडा तोंडात धरला, तेव्हा कुठे उठले.

घरी दुरुस्ती करायची सोय नव्हती, कारण त्यांच्या बायकोच्या, बनुबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. म्हणून मोडकं विमान पोत्यात घालून ते चर्चमागच्या खोलीत गेले. दरवर्षी नाताळचा तारा ते तिथेच बांधायचे. पंखाचं लाकूड असं हलकं, की नख रुतावं. तसलं लाकूड मिरजगावात कुठलं? पण शिवारात कडब्याच्या गंजी लागल्या होत्या, आणि ज्वारीच्या ताटाची साल न् आतलं भेंड घेऊन ज्याने बैलगाडी केली नाही, असं पोर त्या मुलखात जन्मलेलं नाही. गुरुजींनी भेंडाच्या फासळ्या कापल्या, सालीच्या काड्या त्यांत खोवल्या, सांध्यांना सरस लावून दोरा आवळला आणि वरून, विमानाच्या मूळ धडासकट, ताऱ्याचा उरलेला पिवळा पतंगी कागद ताणून बसवला. इंजिन धुवायला काढलं होतं. ते, रिमोट आणि जुने तुकडे घरी कपाटावर असलेल्या विमानाच्या खोक्यात दडवले. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोललं. ते जराही कलंडलं नाही. गुरुजींना स्वतःविषयी आदर वाटला. सरस वाळू दे म्हणून विमान तिथेच ठेवून ते निवांत झोपले.

दुसरा दिवस उपकारस्तुतीच्या सणाचा. सुगीनंतर प्रत्येकाने आपल्या पिकातलं काहीबाही देवाला आणायचं आणि भक्तीनंतर चर्चमध्येच त्याचा लिलाव करायचा, ही मंडळीची जुनी रीत. गुरुजी नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर बसले आणि समोर पाहिलं. टेबलावर भोपळे होते, हरभऱ्याच्या पेंढ्या होत्या, पाय बांधलेला कोंबडा होता. कोंबड्याशेजारी विमान होतं.

गुरुजींच्या हातातून गीतपुस्तक गळून पडलं.

लिलाव पुकारणारे काकासाहेब मंडळीचे कारभारी. खोली झाडायला गेले, तर त्यांना हे दिसलं. ज्वारीचं, नवंकोरं, सणाच्या आदल्या दिवशी केलेलं. मग भेट नाही तर काय? त्यांनी ते उंच धरलं.

"आपल्या गुरुजींची भेट. असली भेट आजवर कुनी दिली न्हाई."

टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे टिपले. बोली सुरू होताच पहिला हात गुरुजींचाच वर गेला. काकासाहेब वाकून हळूच म्हणाले, "गुरुजी, देवाला दिलेलं आपनच घरी न्यायचं? बरं दिसत न्हाई ते."

गुरुजींना पटलं. हात मात्र वरच राहिला. तो खाली घ्यायचा असतो, हे त्यांना सुचेना. दोघातिघांनी बोली चढवली. मग मागच्या बाकावरून एक मोठी बोली आली आणि लिलाव तिथेच संपला. बोली जोशुआची होती. सणासाठी तो संध्याकाळी यायचा होता, टेम्पो मिळाला म्हणून सकाळीच आला होता.

घरी येईपर्यंत जोशुआच बोलत होता. पप्पांनी माझ्या छंदापायी या वयात विमान केलं, सख्ख्या बापाने कधी पतंगसुद्धा करून दिला नव्हता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. गुरुजी रस्ता पाहून चालत होते. घरात शिरताच त्याने स्टूल ओढलं. दोन्ही विमानं शेजारी ठेवून त्याला बघायची होती. गुरुजींनी स्टूल धरलं. दुसरं काय धरणार?

"खोका हलका लागतोय, पप्पा."

"उडायची वस्तू," गुरुजी म्हणाले.

जोशुआने खोका उघडला. आत मोडके तुकडे, रिमोट आणि सुटं इंजिन. मग इंजिन उचलून पिवळ्या विमानाच्या नाकाला लावलं. स्क्रूची चारही भोकं तंतोतंत जुळली.

"म्हणजे मी माझंच विमान विकत घेतलं?"

"पहिल्यापेक्षा स्वस्तात," गुरुजी म्हणाले, आणि हे कोण बोललं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

जोशुआने पंखाचा कागद बोटाने ठोकून पाहिला, फासळी दाबली, सांध्यावरचा दोरा ओढला. काही निघालं नाही. मग इंजिन पुन्हा नाकाशी धरून त्याने न बघता हात पुढे केला.

"पेचकस द्या."